जायफळ घातलेला कस्टर्ड पाय: पारी लाटण्यापासून कापण्यापर्यंत

कस्टर्ड म्हटलं की आपल्याकडे डब्यातली फिकट पावडर आणि फळांचे तुकडे डोळ्यांपुढे येतात. ती पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती. इथे करायचा आहे तो पाय त्याहून जुन्या घराण्यातला. इंग्लंडमधल्या घरांत रुजलेला आणि तिथल्या वसाहतींबरोबर अमेरिकेत गेलेला हा पदार्थ म्हणजे खुसखुशीत मैद्याची पारी, आत दूध-अंडी-साखरेचं भाजून घट्ट झालेलं मिश्रण आणि वर किसलेलं जायफळ. कॉर्नफ्लोअर नाही, जिलेटिन नाही. घट्टपणा सगळा अंड्यांचा. त्यामुळे ‘बिनअंड्याचा कसा करायचा?’ याचं उत्तर सरळ आहे: बिनअंड्याचा पायही चांगला होतो, पण तो पावडरीच्या कस्टर्डचा, आणि त्याची रीत वेगळी.

या पायातली खरी अडचण एकच. पारीला कडक आच लागते आणि कस्टर्डला मंद. पारी १९०–२०० अंश सेल्सिअसला नीट भाजते. कस्टर्ड मात्र मध्यभागी ८० अंशांच्या आसपास पोचलं की झालेलं असतं आणि ८५च्या पुढे गेलं की फाटायला लागतं. कच्च्या पारीत कस्टर्ड ओतून दोन्ही एकदम भाजायला जाल तर एकतर पारी तळाशी ओली राहील किंवा कस्टर्ड रबरी होईल. जुन्या पाककृतींत पहिली १०–१५ मिनिटं भट्टी खूप तापवून मग आच कमी करायला सांगतात, ती याच अडचणीवरची अर्धी तोड होती. आपण ती वाट सोडून द्यायची. पारी आधी पूर्ण भाजायची, मग त्यात कोमट कस्टर्ड ओतून मंद आचेवर ठेवायचं. पुढचं सगळं या एका निर्णयाभोवती फिरतं.

काय काय लागेल

हे प्रमाण २३ सें.मी. (९ इंची), साधारण ३ ते ३.५ सें.मी. खोल पाय-टिनसाठी आहे. आठ तुकडे होतात.

पारीसाठी: मैदा २०० ग्रॅम, थंडगार बिनमिठाचं बटर ११० ग्रॅम, पिठीसाखर १ छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, बर्फाचं पाणी ३ ते ४ मोठे चमचे (४५–६० मिली).

कस्टर्डसाठी: फुल क्रीम दूध ५०० मिली, अंडी ४ आणि वर एक बलक, साखर ११० ग्रॅम, मीठ चिमूटभर, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, अख्खं जायफळ १ (त्यातलं अर्धंच लागेल).

अंड्यांबद्दल थोडं थांबायला हवं. अमेरिकी पाककृतीत ‘४ मोठी अंडी’ असतात तेव्हा कवच काढल्यावर एकेक अंडं सुमारे ५० ग्रॅम भरतं. आपल्याकडच्या दुकानातलं अंडं बहुतेक वेळा ४५ ग्रॅमच्या आसपास निघतं. म्हणून पाचवा बलक. वजनकाटा असेल तर चार अंडी आणि एक बलक मिळून १९५ ते २०० ग्रॅम भरायला हवेत. १८० ग्रॅमच भरले तर दूध ५० मिली कमी करा. पाचव्या अंड्याचं उरलेलं पांढरं टाकू नका, त्याचं काम पुढे आहे.

दूध पिशवीतलं फुल क्रीम (६ टक्के स्निग्धांश) असेल तर वेगळं क्रीम घालायची गरज नाही. टोन्ड दुधाचा पाय होतो, पण पाणचट लागतो. घरात दूध आधीच तापवून ठेवलेलं असतं, ते चालेल. साय काढून मगच मोजून घ्या. मात्र दूध जुनं किंवा किंचित आंबूस असेल तर अंडी घालून तापवताना ते नक्की फाटणार.

बटर खारट असेल तर पारीत मीठ घालू नका. घरचं लोणी वापरता येतं, फक्त त्यात पाणी किती उरलंय ते हातालाच कळतं. ते फडक्यात घट्ट पिळून घ्या आणि पिठात पाणी दोन चमचे कमी धरा. तूप नको. त्याची पारी चवीला छान, पण लाटताना तुटते आणि टिनमध्ये चढवताना भेगाळते. पहिल्याच खेपेला तो ताप कशाला?

टिन आणि ओव्हन

पहिला पाय ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये करा. धातू लवकर तापतो, तळ भाजला जातो. काचेच्या भांड्याचा फायदा म्हणजे तळाचा रंग खालून दिसतो. पण ते फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचं नाही, तडकू शकतं. चिनी मातीची भांडी दिसायला देखणी, तळाला मात्र आळशी. सुटा तळ असलेलं टिन वापरणार असाल तर खाली ट्रे हवाच, कारण पारीला बारीकशी भेग गेली तरी सगळं दूध ओव्हनच्या तळाशी जातं.

ओटीजीच्या (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनच्या) बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत १०–२० अंशांचा फरक सहज असतो. ओव्हन थर्मामीटर आत टांगून ठेवला तर या पायातल्या निम्म्या चुका टळतात. पंखा चालू असलेल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये खाली दिलेलं प्रत्येक तापमान २० अंशांनी कमी धरा. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन मोडवर हा पाय करता येतो, पण तिथे खालून आच जवळजवळ नसते. म्हणून पारी रिकामी भाजताना ८–१० मिनिटं जास्त द्या. नुसत्या मायक्रोवेव्हवर होणार नाही. कढईत मीठ तापवून केक जमतो, या पायासाठी मात्र त्या नादी लागू नका. आत १६० अंश आहेत की २२०, हे कळायला मार्ग नसतो.

१६–१९ लिटरच्या छोट्या ओटीजीत ९ इंची टिन भिंतीला टेकतं आणि कड करपते. तिथे ७ इंची टिन घ्या. दूध २८० मिली, २ अंडी आणि १ बलक, साखर ६५ ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, बटर ६५ ग्रॅम, पाणी अंदाजाने दोन-अडीच मोठे चमचे. भाजायला ८–१० मिनिटं कमी लागतात.

पारी

१. बटरचे हरभऱ्याएवढे तुकडे करून १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मुंबई-कोकणात एप्रिल-मेमध्ये मैदा आणि परातसुद्धा फ्रिजमध्ये ठेवा. हा उपदेश अतिरेकी वाटतो, पण बटर पिठात वितळलं की पारी खुसखुशीत न होता तेलकट आणि कडक होते.

२. मैदा, मीठ, पिठीसाखर एकत्र करून त्यात बटर टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी मोहन चोळा. तळहात लावू नका, तो गरम असतो. बहुतेक पीठ रव्यासारखं झालं आणि मधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढे बटरचे कण दिसत राहिले की थांबा. ते कण ओव्हनमध्ये वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात.

३. बर्फाचं पाणी एकेक चमचा शिंपडून सुरीने ढवळा. मुठीत दाबून मुटका वळला आणि सुटा झाला नाही की पाणी पुरे. मळू नका. पोळीची कणीक तिंबायची सवय इथे घात करते. मैद्याला मळलं की त्यात ताण येतो, मग पारी भाजताना आक्रसते आणि खाताना वातड लागते.

४. गोळा चपटा करून, झाकून, फ्रिजमध्ये किमान ४५ मिनिटं ठेवा. एक दिवस राहिला तरी हरकत नाही.

५. दोन जाड प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून ३ मिमी जाडीची, साधारण ३० सें.मी. व्यासाची पोळी लाटा. दर चार-पाच लाटण्यांनंतर कागद उचलून पोळी पाव वळसा फिरवा. वरचं प्लास्टिक काढा, पोळी खालच्या प्लास्टिकसकट उलटी टिनवर टाका आणि मग तेही सोलून काढा. कोपऱ्यात पारी ओढून बसवू नका. कड उचलून ती आपोआप खाली सरकू द्या. ओढलेली पारी ओव्हनमध्ये परत मूळ जागी जाते, म्हणजे भिंत खाली घसरते आणि कस्टर्ड सांडतं.

६. कडेला एक सें.मी. जादा ठेवून बाकीचं कापा, ते आत दुमडून जाड काठ करा आणि बोटांनी चुण्या घाला. काठ टिनच्या कडेपेक्षा थोडा उंच राहू द्या. कापलेलं पीठ जपून ठेवा. टिन पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये.

बऱ्याच पाककृती या टप्प्यावर तळाला काट्याने भोकं पाडायला सांगतात. फळांच्या सारणाला ते ठीक. कस्टर्ड मात्र दुधाइतकं पातळ असतं, भोकं पाडणं म्हणजे गळतीला वाट करून देणं. वजन नीट भरलं तर तळ फुगत नाही.

रिकामी पारी भाजणे

ओव्हन दोन्ही रॉड चालू ठेवून २०० अंशांवर २० मिनिटं तापवा. थंड पारीवर बेकिंग पेपर चुरगाळून, पुन्हा उलगडून बसवा. किराणा दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनमध्ये टिकत नाही, शंका असेल तर ॲल्युमिनियम फॉइल घ्या. त्यावर काठोकाठ राजमा, चणे किंवा जुने तांदूळ भरा. काठोकाठ म्हणजे खरंच काठोकाठ: तळाला वजन असतं म्हणून तो फुगत नाही, आणि बाजूंना आधार असतो म्हणून त्या घसरत नाहीत. हे कडधान्य नंतर शिजत नाही, डब्यात वेगळं ठेवून पुढच्या पायांना वापरा.

खालच्या कप्प्यात २० मिनिटं भाजा. मग कागद आणि वजन अलगद उचला. तळ अजून फिका आणि ओलसर दिसेल. आच १८० करून आणखी १० ते १२ मिनिटं, तळ कोरडा आणि फिकट बदामी होईपर्यंत ठेवा. पुढे कस्टर्डबरोबर अजून भाजेल, आता बाहेर काढूया, असा विचार इथेच अडवायचा. कस्टर्ड पडल्यावर तळाला कोरडं व्हायची संधी नसते. तो आत्ता आहे त्याहून कधीच जास्त खुसखुशीत होणार नाही.

भेग दिसली तर राखून ठेवलेल्या पिठाचा पातळ लेप बोटाने दाबून बसवा. मग उरलेलं पांढरं काट्याने किंचित हलवून त्याचा पातळ हात तळाला आणि बाजूंना फिरवा आणि दोन मिनिटं पुन्हा आत ठेवा. पांढऱ्याची चकचकीत फिल्म तयार होते, ती दुधाला पारीत मुरू देत नाही.

कस्टर्ड

पारी शेवटच्या टप्प्यात भाजत असतानाच हे काम करा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी गरम असतील.

दूध, साखर आणि मीठ जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. आपल्याकडची साखर दाणेदार असते, अंड्यांत घालून फेटली तर विरघळेपर्यंत भरपूर फेस होतो. म्हणून ती दुधातच विरघळवायची. कडेला बुडबुडे दिसून वाफ यायला लागली की गॅस बंद. उकळी नको.

दुसऱ्या भांड्यात अंडी आणि बलक घेऊन लाकडी चमच्याने किंवा विस्कने (तारांच्या फेटणीने) हलवा. विस्क भांड्याच्या तळाला टेकलेलाच ठेवा, वर उचलून फेटायचं नाही. केकला हवा लागते, इथे ती शत्रू. फेसाचे बुडबुडे भाजताना वर येऊन खरखरीत सालपट करतात. पांढऱ्याच्या गाठी मोडल्या की पुरे.

आता गरम दूध एका हाताने बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने हलवत राहा. पहिलं वाटीभर दूध सर्वांत सावकाश घाला, तेवढ्याने अंड्यांचं तापमान वर येतं, मग बाकीचं भरभर घातलं तरी चालतं. एकदम ओतलं तर तळाशी भुर्जीचे तुकडे सापडतात. व्हॅनिला घाला, बारीक गाळणीतून गाळा, म्हणजे सायीचे तुकडे आणि अंड्यातले पांढरे दोरे वर राहतात. पाच मिनिटं स्थिर ठेवून वरचा फेस चमच्याने काढून टाका.

दूध गरमच का? गार मिश्रण ओव्हनमध्ये तापायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात कडेचं कस्टर्ड शिजून पुढे गेलेलं असतं आणि मधलं अजून दूधच असतं.

भाजणे

ओव्हन १६० अंशांवर आणा. ओटीजीत या टप्प्याला शक्यतो फक्त खालचा रॉड चालू ठेवा. गरम पारी ट्रेवर, ट्रे ओव्हनच्या खालच्या कप्प्यात, जाळी थोडी बाहेर ओढलेली. कस्टर्ड तोटीच्या भांड्यातून तिथेच ओता, काठाच्या अर्धा सें.मी. खालपर्यंत. भरलेला पाय ओट्यावरून उचलून आत न्यायला गेलात तर तो हिंदकळून पारीच्या मागे जातो, तिथे चिकटून करपतो आणि टिनमधून तुकडा सुटत नाही. थोडं मिश्रण उरेल, उरू द्या.

जायफळ आता, वरून, ताजं किसून. पुरणपोळीला घालतो तेवढा हात आखडता नको, संपूर्ण पृष्ठभागावर पातळ तपकिरी थर दिसायला हवा. जायफळ मिश्रणात ढवळलं तर तळाशी बसतं. तयार पूड घेऊ नका, तिचा वास डब्यातच उडून गेलेला असतो.

३५ ते ४५ मिनिटं लागतात. काठ लवकर लाल होत असेल तर त्यावर फॉइलची पट्टी वळवा. ३० मिनिटांनंतर दर चार मिनिटांनी बघा, पण दार पूर्ण उघडून ठेवू नका.

झालाय हे ओळखणं, हीच यातली कसोटी. टिनला हलका धक्का द्या. कडेकडून दोन-तृतीयांश भाग स्थिर असावा आणि मधला पाच-सहा सें.मी.चा गोल नुकत्याच उतरवलेल्या खरवसासारखा थरथरावा. लाटांसारखा हिंदकळत असेल तर अजून वेळ आहे, अजिबात हलत नसेल तर उशीर झाला. प्रोबचा (टोचून बघायचा) थर्मामीटर असेल तर मध्याजवळ ७७ ते ७९ अंशांना बाहेर काढा, आतल्या उष्णतेने तो पुढे आणखी काही अंश चढतो. सुरी टोचून बघणारच असाल तर मध्यापासून तीन-चार सें.मी. दूर टोचा. मध्यातून सुरी स्वच्छ निघाली तर पाय आधीच जास्त भाजला गेलाय.

बिघाड कुठे होतो

तुकडा कापल्यावर ताटलीत पाणी सुटतं: जास्त भाजलं. अंड्यातली प्रथिनं आकसतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. आत जाळी पडते, तीही त्यामुळेच. पुढच्या वेळी वेळ नव्हे, आधी तापमान तपासा.

मध्ये चीर: एकतर जास्त भाजलं, किंवा गरम पाय थेट फ्रिजमध्ये गेला.

घट्टच होत नाही: अंडी लहान होती, ओव्हन प्रत्यक्षात १४० वर होता किंवा हात सैल सोडून साखर वाढवली. साखर जास्त झाली की कस्टर्ड घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं.

तळ ओला: रिकामी पारी कमी भाजली. दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं. यावर अमेरिकेत एक जुनी युक्ती आहे: कस्टर्ड तेवढ्याच आकाराच्या तेल लावलेल्या भांड्यात वेगळं भाजायचं, पूर्ण गार करायचं आणि भाजलेल्या पारीत सरकवायचं. जमलं तर पारी कुरकुरीत राहते. पण सरकवताना कस्टर्ड मोडलं तर परत जोडता येत नाही, त्यामुळे नवख्यांनी आधी साधी रीत पक्की करावी.

अंड्याचा उग्र वास: ही तक्रार आपल्याकडे हमखास येते. बहुतेकदा तो जास्त तापलेल्या अंड्यांचा असतो, शिवाय पाय गरम असताना जास्त जाणवतो. पुरता गार झाल्यावर चाखा, मगच मत बनवा. तरीही खटकला तर दूध तापवताना लिंबाच्या सालीची एक पातळ पट्टी त्यात टाका आणि गाळताना काढा. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका, कडवट लागतो.

गार करणे, कापणे, ठेवणे

पाय जाळीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. ताटावर ठेवला तर वाफ तळाशी अडकते आणि इतक्या मेहनतीने भाजलेली पारी मऊ पडते. दीड-दोन तासांत तो कोमट होतो. त्याआधी कापला तर तुकडा ओघळतो. अंडी-दुधाचा पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. उन्हाळ्यात खोलीत ३२ अंशांच्या वर पारा असेल तर तासाभरातच, पंख्याखाली कोमट करून, फ्रिजमध्ये हलवा. पूर्ण गार होईपर्यंत झाकू नका, झाकणावरचं पाणी जायफळावर ठिबकतं.

पातळ पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला नव्याने कापा. पहिला तुकडा बहुधा मोडतोच, तो घरच्यांसाठी. फ्रिजमध्ये पाय दोन-तीन दिवस चांगला राहतो, पारी मात्र दुसऱ्या दिवसापासून मऊ होत जाते. म्हणून पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर पारी आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात ठेवा, आणि कस्टर्ड त्याच दिवशी दुपारी. ओतण्याआधी पारी १६० अंशांवर पाच मिनिटं गरम करून घ्या. फ्रीजरमध्ये ठेवू नका: वितळताना कस्टर्डला पाणी सुटतं.

टिनमध्ये न मावलेलं मिश्रण वाटीत ओता, वाटी गरम पाण्याच्या खोलगट ट्रेमध्ये ठेवून त्याच ओव्हनमध्ये २५ मिनिटं भाजा. पारी नसलेलं भाजलेलं कस्टर्ड मुंबईत नवं नाही, पारशी लग्नातलं लगननु कस्टर्ड त्याच जातीचं, फक्त त्यात दूध आटवून घेतात आणि जायफळाबरोबर वेलचीही घालतात. तसं करायचं असेल तर उरलेल्या मिश्रणात चिमूटभर वेलचीपूड आणि वरून चारोळ्या टाका.